दुप्पट मेंढरांची वाघर

मी एक जुनी वाघर आहे. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. आटपाडीच्या माळावर दादासो आणि तानुबाई या नवराबायकोनं मला विणलं. रोज दिवस कलला की चार कोपऱ्यांना मेखा ठोकून ते माझा चौकोन करायचे आणि मेंढरं आत दाटीवाटीनं बसायची. ज्याच्या रानात बसतील त्याला खत मिळायचं. "वाघर हाय म्हणून मेंढरं हायती," असं तानुबाई म्हणायच्या. मला तेवढ्यावर लय बरं वाटायचं.

यंदा दादासोंचा भाऊ धनाजी सांगलीला विश्रामबागेत कामाला गेला आणि त्याची मेंढरं आमच्याकडं आली. मेंढरं दुप्पट झाली, म्हणून दादासोंनी माझ्याच लांबीची दुसरी जाळी मला जोडली. प्रत्येक बाजू दुप्पट झाली. मलाही ते बरोबरच वाटलं. पण मित्रांनो, वाडगं, म्हणजे मेंढरं कोंडायची जागा, एवढं ऐसपैस झालं की मेंढरं विखरून बसली. ओढ्याकडून लांडग्यानं आत उडी मारली आणि काठाला एकटंच बसलेलं कोकरू उचलून नेलं.

दादासोंनी सगळा राग माझ्यावर काढला. "जुनी झाली ही. घाला चुलीत."

अहो, मी कुठं फाटले होते? तो मेला लांडगा माझ्यावरून उडी मारून आला, त्यात माझा काय दोष? माझा जीव टांगणीला लागला.

"आप्पा, जाळीची चूक न्हाई," त्यांची नववीतली लेक सृष्टी म्हणाली. तिनं काठीनं मातीत चौकोन काढून दाखवले. "बाजू दुप्पट केली की जागा चौपट होती. ह्ये बघा, जुनी चार वाडगी मावली."

"मेंढरं दुप्पट, जाळी दुप्पट, मग जागा चौपट कशी गं?" दादासो डोकं खाजवत राहिले. मी तर त्यांच्याहून गोंधळले होते.

"आपल्याला जागा दुप्पट पायजे. तेवढ्या जागंची बाजू किती, ते वर्गमूळ सांगतं." सृष्टीनं जुन्या चौकोनात या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी ताणली. "ही झाली नवी बाजू."

त्या दोरीच्या मापाचा तिनं नवा चौकोन काढला. तिरक्या दोरीनं जुन्या चौकोनाचे दोन तुकडे झाले होते. नव्या चौकोनात तसलेच चार बसले, म्हणजे जागा बरोबर दुप्पट.

दादासोंनी त्याच मापानं वाडगं बांधलं आणि उरलेली जाळी ओढ्याकडं वर चढवून तिथली उंची वाढवली. मेंढरं पुन्हा अंगाला अंग लावून बसली. माझी चूल टळली.

पण सृष्टी म्हणाली, जुनी बाजू एक धरली तर नवीचा आकडा एक पूर्णांक चार एक चार, आणि पुढं तो संपतच नाही. आता बघा, न संपणारी बाजू दादासोंनी मेखेला बांधली कशी? गाठ तर पक्की बसली आहे. मला काही उमगत नाही. तुम्हाला शाळेत कळलं तर सांगा.

मित्रांनो, जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी आपलं माप एकदा तपासून बघा. त्या कोकराची आई अजून रोज ओढ्याकडच्या कोपऱ्यात येते, मला हुंगते आणि ओरडत राहते. माप आधी चुकलं होतं, आता बरोबर आहे, हे तिला मी कसं सांगू?