भोसरीतला महिना

रखमाजीच्या पत्राला बावीस दिवस होऊन गेले, तरी भगवंतरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्रातलं अक्षर रखमाजीचं नव्हतं. घोडेगावच्या पंचायत समितीत तो शिपाई आणि भगवंतराव कारकून, असे दोघे सव्वीस वर्षं एका छपराखाली होते. तेवढ्या काळात रखमाजीनं सहीपलीकडे काही लिहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अक्षर होतं त्याच्या मुलीचं, आरतीचं. लोणीला घराच्या ओट्यावर बसून बापानं सांगितलं आणि तिनं स्वतःच्याच लग्नाचं लिहून घेतलं. ‘मुलगा भोसरीला कंपनीत आहे. पगार तीन हजार सहाशे. तुमचा आदेश तिथंच राहतो आणि पगारही तेवढाच, असं तुम्ही मागं म्हणाला होता. एवढ्यात दोघांचं भागतं का? पुढल्या महिन्यात, बुधवारी सात मार्चला बैठक आहे. तुम्ही हो म्हणालात तर सुपारी फोडतो.’ आणि खाली, घडी पडते त्या जागी, तिनं आपलं म्हणून एक वाक्य बारीक अक्षरात घुसवलं होतं : ‘काका, असेल तसं लिहा.’

त्या एका वाक्यानं भगवंतरावांचा हात धरून ठेवला होता. आयुष्यभर त्यांनी सरकारी पत्रं लिहिली, पण त्यांवर सही साहेबाची असायची. इथं हो म्हणावं आणि पोरीचे हाल झाले तर? नाही म्हणावं आणि चांगलं स्थळ मोडलं तर? तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ इथंच अडकले. शेवटी पत्र एका जाड पुस्तकात गेलं.

“अवो, पुस्तकात ठिवल्यानं पत्राला उत्तर फुटतं व्हय?” चिमाबाईंनी एका संध्याकाळी विचारलंच.

“मला भोसरीचं काय कळतंय?”

“मग जा की! पोरगं कुणाचं हाय तिथं? उद्या गुरुवार, त्याला सुट्टी. पहिली तारीख बी हाय. म्हयन्याची दाण्याची गोणी तुमीच घिऊन जा, म्हंजी मला त्या कंडक्टरच्या इनवण्या करायला नकोत.”

सकाळच्या एसटीत मागच्या बाकाखाली गोणी सरकवून भगवंतराव बसले. खिशात एक कोरं अंतर्देशीय पत्र होतं.

आदेशची खोली भोसरीत एका तीन मजली घराच्या पाठीमागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर होती. खोली आणि पुढं ओट्याएवढं स्वयंपाकघर. चहा झाल्यावर भगवंतरावांनी खाकरत खाकरत विषय काढला. आदेश खुशीत आला. बापानं आपल्याला काही विचारायचं, हा प्रसंग क्वचितचा.

“त्यात काय अवघड आहे, आबा? लिहून घ्या.” तो बोटांवर मोजत सांगू लागला. भाडं हजार रुपये. लाइट-पाण्याचे मालकीण वेगळे घेते. गॅस दोन महिने पुरतो, म्हणून निम्माच धरायचा. दूध, भाजी, बसचा पास, चहा-साखर, साबण, औषधपाणी. “बत्तीसशे. चारशे उरतात, ते भिशीत. भागतं आरामात. लिहा हो म्हणून.”

भगवंतरावांनी आकडे पुन्हा मिळवले. बरोबर होते. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग जुन्या सवयीनं पेन्सिल वरून खाली फिरवताना ते थांबले.

“यात दाणागोटा दिसत नाही.”

“तो कुठं विकत आणतो आपण? तो घरचाच असतो.”

गॅसजवळ बाजरीचं पीठ मळणारी समृद्धी, त्यांची सून, पाठमोरीच हसली. “घरचा म्हंजी फुकट व्हय?”

“तू गप गं.”

“का म्हणून? आबा, मी सांगते. मागच्या श्रावणात आत्याबाई आजारी होत्या, तेव्हा महिनाभर गोणी आली नाय. तांदूळ, बाजरी, डाळ, तेल, तिखट, सगळं वाण्याकडून आणलं. साडेआठशे झाले! भिशी चुकली, भाडं थकलं, आन् मालकिणीनं दोन दिवस नळ बंद ठेवला. हे खाली राहणाऱ्या बाईकडनं बादल्या आणत व्हते.”

आदेश भिंतीकडं बघत राहिला.

भगवंतरावांनी साडेआठशे लिहिले आणि बेरीज पगाराच्या पुढं गेली. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. ती गोणी दर महिन्याला त्यांच्याच ओसरीवर भरली जात होती. चिमाबाई डोळ्यांजवळ सूप धरून तांदूळ निवडायच्या, तेव्हा ते शेजारी वाचत बसलेले असायचे. सबंध तालुक्याचे तक्ते ज्यांनी भरले, त्यांच्या डोळ्यांसमोरून महिन्यामागून महिने गोणी गेली आणि ती खर्चात धरावी हे कधी सुचलं नाही. आणि निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असताना, रखमाजीला त्यांनीच सांगितलं होतं, “आमचा आदेश स्वतःच्या पगारावर उभा आहे.”

“आबा, हे लिहू नका,” आदेश हळूच म्हणाला. “रखमाजीकाका पारावर कुणाकडून तरी वाचून घेतील. गाव म्हणेल, कंपनीतला पोरगा अजून बापाच्या दाण्यावर जगतोय.”

“खरंय ते.”

“खरंय, पण लिहायलाच पाहिजे का?”

मुलाला कमीपणा आणणारं वाक्य लिहायचं भगवंतरावांच्याही जिवावर आलं होतं. आकडे तसेच ठेवून नुसतं ‘भागतं’ म्हणता आलं असतं.

“त्या पोराला घरून कोण पाठवतं?” समृद्धीनं विचारलं.

“कोणी नाही,” भगवंतराव म्हणाले. “रखमाजीनं लिहिलंय, जमीन नाही त्यांना. बाप मेंढरं घेऊन सहा महिने कोकणात असतो.”

तव्यावर भाकरी पडली.

“मग लिहा,” आदेश म्हणाला. “पण माझं नाव नका घालू.”

“दुसऱ्या कुणाचं म्हणून लिहिलं तर रखमाजी म्हणेल, तुमच्या आदेशचं तर भागतं ना?”

आदेशनं चपला घातल्या आणि तो बाहेर निघून गेला.

जेवण झाल्यावर भगवंतराव पत्र लिहायला बसले. या वेळी वरचा मायना सुचला. पत्र रखमाजीच्या नावाचं असलं तरी ते कोण वाचणार हे त्यांना ठाऊक होतं.

‘चि. आरती आणि रखमाजी यांस आशीर्वाद. आदेशचं पगारात भागत नाही. दर महिन्याला घरून गोणी जाते, म्हणून निभतं. रखमाजी, मी तुला अर्धंच सांगितलं होतं, त्याची माफी असावी. मुलगा वाईट म्हणून मी म्हणत नाही. पण महिन्याला साडेचारशे कमी पडणार, आणि शिल्लक काहीच नाही. ते तुम्ही लोणीहून धान्य पाठवून भरणार, की दोघं मिळून कमावणार, हे सुपारीच्या आधी दोन्ही घरांनी उघड बोलावं. पोरीसमोर बोलावं. हिशेब सोबत लिहिला आहे. उशीर झाला. — भगवंत.’

कडा चिकटवल्या तरी आदेश परतला नव्हता. समृद्धीनं पेटी कुठं आहे ते सांगितलं, “चौकात, औषधाच्या दुकानापाशी.” ते एकटेच निघाले.

पेटीपाशी येऊन त्यांनी पत्ता पुन्हा वाचला. पिनकोड बरोबर होता. आदेशचं नाव आत होतं, ते आता खोडता येणार नव्हतं. मागं एक बाई हातात पत्र घेऊन उभी होती. “टाकताय ना, बाबा?” तिनं विचारलं.

“हो, हो,” म्हणत त्यांनी पत्र आत सोडलं आणि बाजूला झाले.