हिंगणीचा वाघ आणि माझी धावपळ

मी एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका मित्रांनो, हाडांचा नाही! मी वेबसाइटचा सांगाडा. संगणकावर काम करणारे मला स्टार्टर टेम्प्लेट म्हणतात. कोणतीही वेबसाइट बनवायची म्हणजे काही कामे दर वेळी तीच असतात: लोकांची नोंदणी, पासवर्ड, फोटो ठेवायला जागा, मोबाइलवर सूचना धाडायची सोय. हे सगळे माझ्यात तयारच आहे. माझी प्रत काढायची आणि लगेच पुढच्या कामाला लागायचे!

मला मेघाने बनवले. ती हिंगणीची, वर्ध्याच्या कॉलेजात शिकलेली. तेच ते पुन्हा लिहून ती इतकी वैतागली की एका सुट्टीत तिने सगळे नीट बांधून ठेवले आणि माझा जन्म झाला. मग काय विचारता! सेलूचे शिकवणी वर्ग, सिंदीचा मंडपवाला, पुलगावचे रोपांचे दुकान, सगळ्यांच्या वेबसाइट माझ्यावर उभ्या राहिल्या. "एवढ्या लवकर झालं बी?" असे लोक विचारत आणि मी आनंदाने फुगत असे.

पुढे मेघाला नागपुरात नोकरी लागली. तिथे दुसरे सांगाडे होते. मी तिच्या लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात पडून राहिलो. माझे अनेक भाग इतरांनी बनवलेले आहेत. ते वरचेवर सुधारतात आणि जुन्याच्या जागी नवे बसवावे लागतात. माझे कोणी बदललेच नाहीत.

एका रविवारी दुपारी मेघाच्या आईचा, धुरपताबाईंचा, फोन आला.

"जय भीम, माय. आवाज असा काऊन येऊन राह्यला तुया?"

"वाघ हाय पोरी इकडं! कोणी म्हणते नाल्यापाशी हाय, कोणी म्हणते धरणाकडं गेला. काल फोनवर फोटू आला, त आमी कापूस वेचनं सोडून पयालो. तो फोटू दुसऱ्याच जंगलातला निंघाला! आता साऱ्या बाया म्हणतेत, खोटंच हाय. उद्या नाल्याकडच्या वावरात जाचं हाय."

मेघा ताडकन उठली. तिने गावाकडच्या वनरक्षकाला, कवडूला, फोन लावला.

"कवडूभाऊ, खरी खबर तुमाले कवा भेटते?"

"सकायीच खुणा पाहाले जातो ना मी. पण कोणाकोणाले फोन करू?"

"एकदाच सांगा. साऱ्याइले पोचवाची सोय मी करतो."

आणि तिने मला उघडले! माझा आनंद गगनात मावेना. पण मी सुरूच होईना. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. जुने भाग नव्या संगणकाशी जुळत नव्हते. एक बदलला की दुसरा अडे. सगळे नव्याने लिहायला तर कित्येक दिवस लागले असते. "ऊठ रे बाबा," मेघा पुटपुटली. ती एकेक भाग बदलत गेली आणि अचानक माझे पान उघडले! "झालं!" ती ओरडली.

मग कामाला असा वेग आला म्हणून सांगू! नोंदणी माझ्यात होतीच, सूचनांची सोयही होतीच. तिने फक्त गावच्या शिवाराचा नकाशा जोडला, आणि खबर टाकायचा अधिकार एकट्या कवडूला दिला. दिवेलागणीला धुरपताबाईंच्या फोनवर चाचणी झाली.

"माय वं! केवढ्यानं वाजला!" त्या हसत म्हणाल्या. त्यांनी शेजारणींच्या फोनवरही मला लगेच पोचवले.

सकाळी बायका कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून नाल्याच्या वाटेला लागल्या. तिकडे नाल्याकाठी कवडूला ओल्या मातीत पंज्यांचे ताजे ठसे दिसले. त्याने बटण दाबले. मी वाऱ्यासारखा धावलो! सगळे फोन एकदम खणाणले.

"कालच्यासारखं खोटंच असन, चाला," एक जण म्हणाली.

"खोटं कसं? कवडूनं सोता टाकलं हाय. वापस फिरा!" धुरपताबाई गरजल्या.

सगळ्या मागे फिरल्या. थोड्याच वेळात कवडूने माझ्यावर फोटो चढवला. ज्या वावरात त्या निघाल्या होत्या, तिथेच तुरीच्या ओळीत वाघ ऐटीत बसला होता! फोटो पाहताच धुरपताबाईंनी मेघाला फोन केला. एवढेच म्हणाल्या, "पोरी, आमी साऱ्या घरी हावो."

आता बोर धरणाजवळची इतर गावेही माझी प्रत मागत आहेत आणि माझी पुन्हा धावपळ सुरू झाली आहे. मित्रांनो, मला हवे तितके वापरा, माझ्यावर हवे ते उभारा. पण काम झाले की विसरू नका. अधूनमधून उघडून पाहा, जीर्ण झालेले भाग बदला. त्या रविवारी मेघाला संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला. दर वेळी वाघ इतका थांबेलच असे नाही.