निळ्या टोकाचा तांबडा धागा

मी एक जुना लोकरीचा धागा आहे. अंगाने तांबडा, टोकाला निळा. हसू नका, मित्रांनो. माझी भावंडंही फार शहाणी दिसत नाहीत.

जीवशास्त्राच्या बाईंच्या स्वेटरची उरलेली तांबडी लोकर आणि त्यांच्या यजमानांच्या कानटोपीची निळी, यांतून आम्ही जन्मलो. आम्ही म्हणजे वर्गात दाखवायची गुणसूत्रांची जोडी. आईकडचं दुप्पट होऊन दोन तांबडे धागे, वडिलांकडचं दुप्पट होऊन दोन निळे. एका तांबड्याने एका निळ्याला बिलगून टोकं बदललेली, बदललेलं टोक गाठीने जोडलेलं. तो तांबडा मी. दरवर्षी बाई आम्हाला चार वाट्यांत एकेकटं ठेवायच्या. "या चार जननपेशी. दोन सारख्या शोधा!" कुणालाच सापडायच्या नाहीत. मी फुगायचो.

प्रयोगशाळा सांभाळणारे इस्त्रीकाका फडकंसुद्धा घडी घालून ठेवत. त्यांची धाकटी लेक बाईंच्याच वर्गात होती. एक मोजा वर, एक खाली, कंपासपेटी जमिनीवर.

"थोरली बघा कशी टापटीप! ही कुणावर गेलीय, कोण जाणे," काका चारचौघांत म्हणायचे. ती मोजा वर ओढायची. तो पुन्हा घसरायचा.

एकदा साफसफाईत मी काकांच्या हाती लागलो. त्यांनी माझी गाठ सोडली आणि माझं तांबडं टोक मला परत केलं. मला कपडे काढून घेतल्यासारखं झालं.

वर्गात बाईंनी वाट्या मांडल्या. दोन तांबडे हुबेहूब, दोन निळे हुबेहूब.

"गाठी चुकल्या होत्या, बाई. सरळ केल्या," काका अभिमानाने म्हणाले.

"अहो काका, टोकांच्या अदलाबदलीच्या या असल्या 'चुकां'मुळेच तर एका आईच्या दोन लेकी दोन तऱ्हेच्या होतात!"

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"आमच्या आईचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा," ते हळूच म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "आजीवर गेलीस गं तू. ये, तूच बांध."

तिने निळं टोक पुन्हा मला जोडून गाठ मारली. वेडीवाकडी, एक शेपूट लांब, एक आखूड. काकांची बोटं शिवशिवली. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. मला कसरीपासून जपा, अधूनमधून ऊन दाखवा. फक्त गाठ सरळ करू नका. काकांनीही अजून केलेली नाही.