तीन बोटं खोल

बाईंनी बाही दंडापर्यंत सारली आणि हात सरळ माशांच्या टाकीत घातला. तळाच्या बारीक खड्यांवर पाणवनस्पतीचे दोन कंद उघडेच पडले होते, लसणाच्या पाकळीएवढे. तिसरा तर चक्क वर तरंगत होता. जावयानं कामाला जाता जाता ते पाण्यात सोडले होते, आणि झालं. बाई चुकचुकल्या. चष्म्याच्या काचा केसभरही फरक न पडू देता घासणारा माणूस, आणि त्याला साधा कंद लावता येऊ नये!

बाईंचा उभा जन्म रोपवाटिकेत गेला होता. 'बाई' हे नावही तिथलंच, नंतर ते घरीदारी सगळ्यांच्या तोंडी बसलं. कंद तीन बोटं खोल, टोक वर, दोहोंमध्ये वीतभर अंतर आणि वरून तळहाताचा दाब. माती घट्ट तर मूळ घट्ट, असं त्या नव्या माणसांना दरडावून सांगत. इथं माती नव्हती, खडे होते, एवढाच काय तो फरक. त्यांनी तिन्ही कंद एका रांगेत खोचले, वरून नीट दाबले आणि हात पुसला. तळाशी बसलेला मिशीवाला मासा बाजूला सरकून हे सगळं बघत होता. त्याला घरात मास्तर म्हणत. लग्नाच्याही आधीपासून तो जावयाकडे होता.

बाईंना फार दिवसांनी बरं वाटलं. न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि लेकीनं त्यांना इथं आणलं, तेव्हापासून हाताला काम असं नव्हतंच. गॅसजवळ गेलं की लेक हाताला धरून बाजूला करी. जिना उतरताना दंड धरी. पाय टाकावा तिथं रबरी चटई. लेकीची माया खोटी नव्हती, पण त्या मायेत बाईंचा जीव घुसमटे. त्यांची बॅग पलंगाशी भरलेली असायची. लेक ती रिकामी करून कपडे कपाटात लावायची, बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायच्या. यावर दोघी एक अक्षर बोलत नसत.

कंदांचं त्या कुणाला बोलल्या नाहीत. कोंब आले की आपोआप कळेल, असं त्यांच्या मनात होतं. जावयानं संध्याकाळी टाकीत वाकून पाहिलं, खड्यांवर काहीच दिसेना, तेव्हा त्यानं बाईंकडेही एकदा पाहिलं. पण तोही मुलखाचा अबोल. सासू-जावयाचं बोलणं 'चहा घेता का' आणि 'घेतो' याच्या पुढं कधी गेलंच नव्हतं.

कोंब आले नाहीत. पाणी मात्र आधी गढुळलं, मग ताकासारखं पांढुरकं झालं. एका सकाळी बाई उठून बघतात तर मासे वर येऊन आ वासत होते आणि मास्तर तळाशी आडवा पडला होता.

जावयानं बाकीचे मासे बादलीत काढले, पाणी उपसलं आणि खड्यांत बोटं घातली. पहिला कंद निघाला तो नुसता लिबलिबीत गोळा. वास घरभर पसरला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी त्याला चाचपडावंही लागलं नाही, वीतभर अंतरावर त्याचा हात बरोबर गेला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

"दुकानदारानं जुने कंद गळ्यात मारले," तो बायकोला म्हणाला.

लेक संतापली. आता जाते आणि त्या दुकानदाराची चांगली खरडपट्टी काढते, म्हणाली. जावयानं तिला जाऊ दिलं नाही. मास्तरला कागदात गुंडाळून तो खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

बाईंना त्या दिवशी घास उतरला नाही. आयुष्यात जी एकच गोष्ट येत होती, तीच इथं उलटली होती. दुपारी त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला आणि सोमवारी तुझ्याकडे येते, म्हणून सांगून टाकलं. लेक रडली. एवढं करूनही तुला माझं घर परकंच वाटतं ना, म्हणाली. बाईंना ते परकं वाटतच होतं, आणि तसं वाटणं त्यांना स्वतःलाच आवडत नव्हतं.

रविवारी सकाळी जावई नवे कंद घेऊन आला. ते त्यानं वाडग्यातल्या पाण्यात ठेवले आणि बाईंना हाक मारली.

"आई, जरा येता?"

बाई गेल्या, पण हात मागं बांधून उभ्या राहिल्या.

"तुम्ही लावा," तो म्हणाला.

"मी नको."

"मागच्या वेळी रांग सुरेख लावली होतीत."

बाईंनी टाकीच्या काचेकडे पाहिलं. काच घासून लख्ख केलेली होती.

"मास्तर माझ्यापायी गेला," त्या म्हणाल्या.

"हो." त्यानं वाडगं टाकीजवळ सरकवलं. "म्हातारा झाला होता. पण हो."

उगाच 'नाही हो, असं कसं' म्हणाला असता तर बाईंना ते सोसलं नसतं. त्यांनी बाही वर सारली.

"किती खोल?"

"खोल नाही. नुसते टेकवायचे. पाण्यातला कंद गाडला की कुजतो."

"मग त्याला धरून कोण ठेवतं?"

"कुणी नाही. मूळ फुटलं की तोच धरतो."

बाईंनी कंद खड्यांवर ठेवला. तो उचलला गेला, भिंगरीसारखा फिरला आणि वर आला. त्यांचा तळहात सवयीनं दाबायला निघाला होता, तो त्यांनी पाण्यातच आवरला. कंद त्याच्या मनानं तरंगत राहिला.

"हा तर पळाला."

"भिजून जड झाला की येईल खाली."

एवढ्यात लेक आतून आली. हातात बाईंच्या साड्यांची चळत होती आणि डोळे सुजलेले होते. बॅग मी रिकामी केली आहे, म्हणाली, बघू आता कशी जातेस.

"परत भर," जावई म्हणाला.

"काय?"

"होती तशी भर आणि पलंगाशी ठेव. कपाटात लावू नकोस."

आईनं जावं असं तुला वाटतं का, असं तिनं विचारलं. तो टाकीचं झाकण लावत होता.

"त्यांनी राहावं असं वाटतं," तो म्हणाला. "म्हणून तर."

बाईंचा हात अजून ओला होता. तो पुसायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सोमवारी भावाचा फोन आला, किती वाजता घ्यायला येऊ म्हणून. बाई टाकीसमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. पळालेला कंद खाली येऊन खड्यांना टेकला होता. मूळ अजून कुठलं फुटायला, पण त्या वाकून वाकून बघत होत्या.

"इतक्यात नाही रे जमायचं," त्या म्हणाल्या. "इथं कंद लावलेत. त्यांचं काय होतंय ते तरी बघू दे."

आत लेक केर काढत होती. पलंगाशी भरलेली बॅग होती. तिनं ती उचलली, खालचा केर काढला आणि पुन्हा होती तिथं ठेवली.