तिसरा आग्रह

एक

"आज घरी ये. शेपू घालून घेवड्याचा बागला केलाय."

आईचा, माझ्या मामानचा, निरोप एवढाच. मी तेहरानच्या बस अड्ड्यावर, हातात घरचं, रश्तचं तिकीट.

एकच्या आधी

निरोपांना कुलूप घालणारी सगळी अ‍ॅप सरकारने बंद केली. उरलं ते सरकारी. त्यातलं अक्षरन् अक्षर कुणीतरी वाचतं. मी वर्गातल्या मुलींच्या फोनवर बंदीतलं अ‍ॅप पुन्हा बसवून देत होते. हे कुणीतरी वर कळवलं. तेव्हापासून चार दिवस मैत्रिणीकडे लपले होते, आणि घरी जायचं होतं.

खूण बाबांनी मागच्या सुट्टीतच ठरवून ठेवली होती. आमच्यात पाहुण्याला तीनदा आग्रह करतात. एकदाच 'या' म्हटलं तर शहाणा माणूस येत नाही. तेव्हा मामानने तीनदा बोलावलं तर बसमध्ये चढायचं. एकदाच बोलावलं, तर समजायचं की मला पकडायला घरी सरकारची माणसं बसलीत.

"पोटच्या पोरीला एकदाच?" मामान म्हणाली. "गॅसवाल्याला चहासुद्धा मी एकदाच विचारत नाही."

"म्हणून तर तरलानला लगेच कळेल, फरंगीस. तू फक्त जीभ आवर," बाबा म्हणाले.

"जीभ आवरेन. हातांचं सांगत नाही."

एकच्या नंतर

तिच्या नावाखाली उमटलं: लिहीत आहे. पुसलं गेलं. लिहीत आहे. पुसलं गेलं. चालकाने रश्तवाल्यांना हाक मारली. मी मोजत होते. अकरा वेळा.

बाबा शेजारी उभे राहून तिचं मनगट धरतायत, हे मला इथून दिसत होतं. ती माणसं बैठकीत बसून तोच बागला खात असणार. त्यांना तिने तीनतीनदा वाढलंही असेल.

दोन

"भाताची खरपुडी मस्त धरलीय. तुला आवडते तशी."

मी पुन्हा वाचलं. यात 'ये' कुठेच नव्हतं. नियम मोडलेला नव्हता. बाबांशी भांडून, एकेक शब्द गाळत तिने एवढं मिळवलं असणार.

मी लिहिलं: "नको मामान, तुला उगाच त्रास. पुढच्या वेळी नक्की."

वाचणाऱ्याला वाटलं असेल, मुलगी वळणाची आहे.

बस माझ्याशिवाय सुटली. मी बाकावर बसले आणि फोन मांडीवर ठेवला.

तीन

लिहीत आहे.