एका तासात शहाड

"कोणाचा विश्वास बसणार नाही, शेठ, म्हणून मी अजून घरीसुद्धा बोललेलो नाही," दौलत म्हणाला, "पण परवा मी ट्रेलरवर पोकलेन घेऊन वागळे इस्टेटमधून निघालो आणि एका तासात शहाडला पोचलो."

कमलेशशेठ खुर्चीत पुढे सरकले. त्यांना हेच ऐकायचं होतं. येत्या महिन्यापासून ड्रायव्हरांना तासांवर पगार द्यायचा आणि तास मोबाइलमधला नकाशा सांगेल तेवढेच धरायचे, असा त्यांचा बेत होता. वागळे ते शहाड, नकाशा म्हणे, एक तास. नकाशाच्या डोळ्यांसमोर मोटार होती. वीस टनांचं खोदाईचं यंत्र पाठीवर घेतलेला ट्रेलर त्याने जन्मात पाहिला नव्हता. शहाडच्या खेपेत ड्रायव्हरचा आख्खा दिवस जाई, आणि आता पगार मिळणार होता तासाभराचा. कोणी तक्रार केली की शेठ विचारत, "नकाशा खोटं बोलतो का?" म्हणून यार्डातल्या सगळ्यांनी आज दौलतला पुढे घातलं होतं. तक्रार नको, तू आपला नेहमीसारखा बोल. बोलण्यात दौलतचा हात धरणारा पार कळव्यापर्यंत कोणी नव्हता.

"बघ!" शेठ हिशेब बघणाऱ्या रचनाला म्हणाले. "लिही. शहाड, एक तास."

रचनाने बोटं कीबोर्डवर ठेवली. दौलतने घाईने हात वर केला.

"कसा पोचलो ते तर ऐका! माजिवड्याला हे ट्रॅफिक तुंबलेलं. एका रिक्षावाल्याने मला बघितलं, रिक्षा मागे घेतली आणि म्हणाला, आधी तुम्ही."

दाराशी सीतारामला ठसका लागला. म्हाताऱ्याची हयात ट्रेलरवर गेली होती.

"पाणी प्या, काका," शेठ म्हणाले. "पुढे?"

"पुढे हवालदाराने अडवलं. जड गाड्यांची बंदी उठायची होती. मी म्हटलं, साहेब, आमच्या शेठच्या नकाशात बंदी नसते. ते म्हणाले, असं होय? आणि स्वतःच्या घड्याळाचे काटे पुढे सरकवले."

शेठनी विचार केला. "असतात चांगली माणसं."

दौलत जरा हादरला. एवढ्यावर माणूस हसतो किंवा शिवी देतो. त्याने थाप मोठी केली.

"राजनोलीपुढे खड्डेच खड्डे. तर पोकलेनने बसल्या जागेवरून हात लांब केला, बाजूची माती उचलली, खड्डे बुजवले, वरून थोपटले आणि परत घडी घालून बसली."

"डिझेल किती खाल्लं?"

"थेंबभरही नाही."

"मग ठीक आहे."

"कल्याणात रस्त्यावर केबलच्या वायरी लोंबत होत्या. एरवी हेल्पर वर चढून बांबूने एकेक उचलतो. परवा पोकलेननेच नव्या जावयासारखी मान लववली आणि खालून गेली."

"हेल्परचा खर्च वाचला," शेठ म्हणाले. "रचना, तेही लिही."

इतका भाविक श्रोता दौलतने आयुष्यात पाहिला नव्हता. प्रत्येक थापेचा नियम होत होता. त्याने सीतारामकडे पाहिलं. सीताराम छताकडे पाहत होता. शहाडचा पूल जवळ आला, थापा संपत आल्या.

"मशीन चढवून बांधायचा वेळ वेगळा धरायचा का?" रचनाने विचारलं.

शेठ स्वतः पंधरा वर्षं ट्रेलरवर होते. हे ते दर दिवाळीला सांगत, बोनस देण्याआधी आणि कधीकधी बोनसऐवजी. दौलतने घसा खाकरला.

"बांधायचा कसला वेळ, मॅडम? साखळ्या लावल्याच नाहीत. एका तासात तेवढी फुरसत कुठे? चढवली आणि निघालो."

शेठ ताडकन उठले. खुर्ची मागच्या कपाटावर आदळली.

"थापाड्या!" ते ओरडले. "बाकी सगळं ऐकून घेतलं, हे नाही ऐकणार! न बांधता? माझ्या यार्डातून? पंधरा वर्षं चालवलाय मी ट्रेलर! चार कोपऱ्यांना चार साखळ्या, एकेक ताणायची, पुढचा हात वेगळा आवळायचा, मग परत फिरून प्रत्येक हिसडून बघायची! अरे, नुसतं बांधून फाटकाबाहेर पडायलाच दीड तास जातो, आणि तू मला सांगतोस, एका तासात शहाड?"