देवीदासनं अर्धी सोडलेली झडती

आमच्या वच्छलाला पहिली मुलगी झाली ते साल २००५. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाच्या दिवशी मी पाळण्यावर वाकून नातीला हाक मारायला गेलो, तर तोंडातून नुसती हवा आली. दोन महिने घसा बसलेला होताच. त्या दिवशी तो पुरता बसला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले, आणि मग बोलणं नाही. मी हातानं विचारलं, कधी? ते म्हणाले, लगेच. मी पुरा जोर लावून म्हटलं, "पोळ्यानंतर." पोळा बारा दिवसांवर होता. ते चिडले, पण शेवटी पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची तारीख दिली. तोवर कुजबुजूही नका, म्हणाले.

पोळ्याचा हट्ट कशासाठी, ते सांगतो. आमचं गाव बार्शीटाकळीपासून दोन कोसावर. पोळ्याला गावातले सगळे बैल मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहतात. मग एक माणूस मोठ्यानं झडती म्हणतो. चार-सहा जुळवलेल्या ओळी असतात, कधी हसवणाऱ्या, कधी कुणाला चिमटा काढणाऱ्या. शेवटी तो 'हर बोला' अशी हाक देतो, सारा गाव 'हर हर महादेव' म्हणतो, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. ती हाक झाल्याशिवाय एकही बैल जागचा हलवायचा नाही. ही मानाची झडती आमच्या घराची. आधी माझ्या बापाची होती, मग माझी झाली. माझ्यानंतर ती माझ्या मुलाची, देवीदासची, असं मी तो चार वर्षांचा असताना ठरवून टाकलं होतं. मी त्याला खांद्यावर घेऊन झडती म्हणायचो. शेवटची हाक तो माझे केस धरून द्यायचा.

तो आवाज घेऊन तो पुण्याला गेला. तिथं चौघांचा बँड केला, 'काळी माती' नावाचा. त्याच्या कॅसेट निघाल्या. परतवाड्याच्या बस स्टँडवर पानाच्या टपरीला त्याचा फोटो होता, कमरेपर्यंत केस आणि गळ्यात गिटार. टीव्हीवर लोक त्याला डेव्ह म्हणायचे. अमरावतीला एका मैदानावर त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी आणि माझी बायको पार्वताबाई गेलो होतो. आम्ही मागं उभे होतो. निळा धूर येत होता, त्या धुरात हजारो हात वर होत होते. ढोलांचा आवाज छातीत शिरत होता. मला वाटलं, मी पाण्याखाली उभा आहे आणि वर कुठला तरी सण चालू आहे. मग त्यानं एक सूर वर नेला आणि तिथंच धरून ठेवला. तो माझा सूर होता. पोळ्याचा. पार्वताबाई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तुमीच बोलून राहिले ना वो तिकडून?"

त्यानंतर तीन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मग एक कार्ड आलं. ते वच्छलानं वाचून दाखवलं. तो पुण्यात दारूनं आजारी पडला होता, बँड मोडला होता, आणि अमरावतीत येऊन तो ख्रिस्ती झाला होता. मी कार्ड भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि दोन वर्षं त्याचं नाव घेतलं नाही. पार्वताबाई मात्र रोज घ्यायची, भाकरी थापताना, हळूच.

तर आता मला तो हवा होता. आमचे शेजारी बशीरभाई गाद्या भरतात, आणि त्यांची चार एकर शेतीही आहे. त्यांनी देवीदासला अमरावतीच्या एका दवाखान्यात पाहिलं होतं. मी इशाऱ्यानं सांगितलं, घेऊन या. ते म्हणाले, "खुशालराव, तुमचा आवाज गेला तवा तुमाले अक्कल आली. आधी जायले पायजे होता." आणि ते पहाटेच्या गाडीनं गेले.

देवीदास पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. केस कापलेले, अंगात साधा पांढरा सदरा, अंग वाळलेलं. माझ्या पाया पडला. मी खाट दाखवली, पण तो गोठ्यात गेला आणि आमच्या सर्ज्या बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. सर्ज्या त्याला ओळखत नव्हता, तरी त्यानं मान वाकवली.

संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे शेकायला बसलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून, पळसाच्या गरम पानांनी ते शेकतात, आणि बैलाच्या कानात उद्या जेवायला या म्हणून आवतन देतात. बशीरभाई पानं गरम करून देत होते. धूर गोठ्यात खाली खाली बसला होता आणि त्यात बैलांचे डोळे तेवढे दिसत होते.

मी कुजबुजलो, "काहून आला नाई रे दोन वर्सं?"

"तुमी बोलावलं नाई, बाबा. अन् आता बोलू नका. मले हातानं सांगा."

मी हातानं विचारलं, तिकडं काय झालं?

तो शेकत शेकत सांगू लागला. पुण्याच्या दवाखान्यात त्याच्या बाजूच्या खाटेवर परतवाड्याचा एक म्हातारा होता, मिशनच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर. "सकाळी उठून तो हळू आवाजात प्रार्थना करे. त्याच्यात साऱ्या वॉर्डाचं नाव घे. झाडूवालीचं, पलीकडच्या पोराचं, माह्यं. देवीदास म्हने. डेव्ह कोन, त्याले माहीतच नव्हतं. बाबा, हजार लोक माह्यं नाव घेऊन ओरडले, पर माह्यासाठी कोनी कोनाजवळ माह्यं नाव घेतलं नव्हतं. मी तोंडावर चादर घेऊन रडलो. मग त्याले इचारलं, तू कोनाशी बोलतं?"

"अन् आता काय करतं?" बशीरभाईंनी विचारलं, जसं त्यांना माहीतच नव्हतं.

"फवारनीचं औषध पेलेल्या लोकाइले आनतात ना, त्या वॉर्डात जातो."

"जाऊन?"

"बसतो. शुद्धीवर आला का पयल्यांदा कोनी तरी बाजूले दिसलं पायजे. घरचे शरमेनं दारात उभे असतात."

मग मी ज्यासाठी बोलावलं ते त्याला समजावलं. माझा घसा दाखवला, देवळाकडं बोट केलं, त्याच्या छातीवर हात ठेवला.

"झडती म्हनतो, बाबा. पर शेवटची हाक नाई देनार."

मी डोळे वटारले.

"मी दुसऱ्या देवाच्या नावानं जगून राहिलो आता. मनात नसताना तोंडानं म्हनलं, तर ते नाटक होईन. तुमच्या महादेवासमोरबी ते खोटंच. नाटक मी आठ वर्सं केलं."

मला असा राग आला की तुपाची वाटी लवंडली. हाकेशिवाय झडती म्हणजे काय? पोळा फुटणार कसा? मला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं.

बशीरभाई म्हणाले, "खुशालराव, चाळीस साल झाले, माह्यी जोडी तुमच्या जोडीच्या बाजूले उभी रायते. मी कधी महादेव बोललो?"

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"बोललो नाई. हात वर करतो. बैलाची माळ सारखी करतो. तुमाले कधी समजलं तरी काय?"

मला खरंच समजलं नव्हतं. पण बशीरभाई मानाची झडती म्हणत नव्हते. मी पाठ फिरवून बसलो.

पोळ्याच्या दुपारी आभाळ खाली आलं होतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता. बैलांच्या शिंगांचा बेगड तेवढा चमकत होता. त्या साली रांग लहान होती. गावातल्या तीन घरचे धनी वर्षभरात गेले होते, औषध पिऊन. त्यांच्या बायकांनी बैल धुतले, रंगवले, पण बाई तोरणाखाली बैल आणत नाही, म्हणून ते बैल सजून गोठ्यातच उभे होते. त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

नत्थुजी आमच्या गावचा तोंडाळ माणूस. देवीदासला पाहून तो ओरडला, "अबे पाद्री आला! काय रे, आता बैलाइलेबी पान्यात बुडवून ख्रिस्ती करतं काय?"

देवीदास म्हणाला, "तुमाले बुडवतो आधी, नत्थुकाका. बैल सकाळीच आंघोळ करून आले."

लोक हसले. नत्थुजीही हसला. मग सारे शांत झाले, आणि देवीदासनं तोंडाजवळ हात नेला.

चार वर्षांच्या पोराचा आवाज, मैदानातल्या धुरातला आवाज, आणि हा, तिन्ही एकदमच माझ्या कानात आले. तो म्हणाला:

काळ्या वावरात हिरवी पऱ्हाटी,
शिंगाले बेगड, मानेले घाटी.
तीन दावनीले धनी नाही,
बैल इचारते, कोनी नाही.
सुन्या दाराले हात लावा,
त्या घरी आधी बैल न्यावा!

आणि तो थांबला.

असं शांत आमच्या गावात कधी झालं नव्हतं. लोक हाकेची वाट पाहत होते. हाक आली नाही. तोरण धरलेले दोघे तसेच उभे. एकही बैल हलेना, गळ्यातली एकही घाटी वाजेना. मला वाटलं, हे सगळं असंच राहणार, रंगवलेल्या शिंगांसकट, आणि मी दवाखान्यात जाईन, परत येईन, तरी हे असेच उभे असतील. नत्थुजी म्हणाला, "पुढं?" देवीदासनं नाही म्हणून मान हलवली. गर्दीत कुणीतरी शिवी दिली. एक जण काठी घेऊन पुढं आला.

त्याला घाबरून पोरगा खोटं बोलेल, असं मला वाटलं. मग दिसलं की तो बोलणार नाही. मार खाईल, पण बोलणार नाही. काल रात्रभर मी त्याच्यावर चिडलो होतो आणि आता मला नको होतं की त्यानं बोलावं. त्या तीन घरांची नावं न घेता त्यानं ती घरं तोरणाखाली आणून उभी केली होती. त्याच्या वाट्याचं त्यानं केलं होतं. हाक माझी होती. अजून तीन दिवस ती माझी होती.

मी सर्ज्याचा कासरा सोडला, पुढं गेलो आणि छातीत होतं नव्हतं ते वर ओढलं. 'हर बोला' म्हटलं. घशात काहीतरी फाटलं. बाहेर आली ती हवा, फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तशी. कुणालाच ऐकू गेलं नाही.

बाजूला बशीरभाई होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "बोलले! खुशालराव बोलले! म्या आइकलं!"

मग गाव बोललं. तसा गजर मी आधी ऐकला नव्हता. तोरण तुटलं, बैल सुटले. काठीवाला माणूस काठी खाली टाकून आपल्या बैलांमागं धावला. पहिली जोडी माझी होती. देवीदासनं कासरा धरला आणि बैल आमच्या घरी न नेता सरळ पहिल्या सुन्या दाराकडं नेले. त्यांच्या मागं बशीरभाईंची जोडी गेली, मग बाकीच्या. दारात त्या घरची बाई ओवाळायच्या ताटाशिवाय उभी होती. ती आत धावली आणि हातात नुसता तांब्या घेऊन आली. तिनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं आणि सर्ज्याच्या कपाळाला कपाळ लावलं. नत्थुजी टोपी काढून बाजूला उभा होता. त्या दिवसापासून आमच्या गावात पोळा फुटला की बैल आधी अशा घरी जातात.

तिसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा खाटेजवळ देवीदास बसलेला होता. महिनाभर तो अकोल्यातच राहिला आणि रोज आला. मला बोलता येईना आणि लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं पाटी आणली. आधी पाणी, मग दुखते, मग बैलांची नावं, अशी त्यानं मला अक्षरं शिकवली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. त्याच्या देवाबद्दल मी पाटीवर पुष्कळ विचारलं, काही पटलं, काही नाही. तो वाद घालत नसे. पुसून पुन्हा लिहा, म्हणायचा.

तो अमरावतीच्या वॉर्डात आणखी चार वर्षं जात राहिला. जुन्या दारूनं त्याचं यकृत खराब झालं होतं. माझा मुलगा देवीदास १९ जानेवारी २०१० रोजी, मंगळवारी सकाळी, अमरावतीच्या त्याच दवाखान्यात वारला. तो एकोणचाळीस वर्षांचा होता.